आत्मसंरक्षणाचा हक्क : व्याप्ती आणि मर्यादा

शास्त्री नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जयगडच्या परिसरात कोकणातील इतर गावांप्रमाणेच वस्ती विखुरलेली आहे. एका घरापासून दुसरे घर हाकेच्या अंतरावर असतेच असे नाही. आंबा-काजूच्या बागा दूर, होड्या आणि जाळी किनाऱ्यावर. अशा ठिकाणी रात्री-अपरात्री संकट ओढवल्यास पोलिसांची मदत पोहोचेपर्यंत नागरिकाने काय करावे, आणि त्याच्या हातून हल्लेखोराचा मृत्यू घडल्यास कायदा त्याकडे कसा पाहतो, हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही.

भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये या हक्काचे विवेचन होते. दिनांक १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली व तेच तत्त्व तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये समाविष्ट झाले. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्याही शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. शेजारणीवर होणारा हल्ला परतविणारा मनुष्य या हक्काच्या कक्षेतच वागत असतो.

तथापि हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, हे कलम ३८ ने निश्चित केले आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी शासनाकडे दादच मागता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवणे, आणि २०१३ मध्ये समाविष्ट झालेला अॅसिड हल्ला, हे ते प्रसंग होत. प्रत्यक्ष जखम होईपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही. भीती मात्र वाजवी हवी.

मालमत्तेच्या बाबतीत कायदा अधिक सावध आहे. ‘चोर आवारात सापडला की मारला तरी चालतो’ हा समज सर्वस्वी चुकीचा होय. बागेतून आंबे चोरून नेणाऱ्यास अडविता येईल, पकडून पोलिसांच्या स्वाधीन करता येईल. त्याचा जीव घेता येणार नाही. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील घरफोडी, आणि राहत्या घरास किंवा माल ठेवण्याच्या जागेस आग लावणे, अशा प्रसंगी कलम ४१ अन्वये हा हक्क मृत्यू घडविण्यापर्यंत जातो. साधी चोरी वा गृह-अतिक्रमण असल्यास त्यातून मृत्यूची अथवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण झालेली असावी लागते. आगीच्या तरतुदीत इमारतीबरोबर जलयानाचाही उल्लेख आहे, ही गोष्ट मच्छीमार बांधवांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

भीती वाजवी केव्हा मानावी, याचे उत्तम उदाहरण अमजद खान खटल्यात सापडते. दिनांक ५ मार्च १९५० रोजी त्या वेळच्या मध्यप्रदेशातील, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या राज्यातील, कटनी येथे दंगल उसळली. आसपासची दुकाने लुटली गेली होती, माणसे मारली गेली होती. जमावाने त्याच इमारतीतील अमजद खान यांच्या भावाचा भाग फोडून लुटला. घरातील बायका-मुले घाबरून त्यांच्याकडे धावत आली, आणि लाठ्यांचे प्रहार त्यांच्याच दारावर होऊ लागले. त्यांनी दोन गोळ्या झाडल्या. एक इसम ठार झाला, काही जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. दार मोडेपर्यंत वाट पाहिली असती तर काय झाले असते हे त्या माणसास कळणे शक्य नव्हते, आणि अशा क्षणी केलेली कृती सोनाराच्या काट्याने तोलावयाची नसते, असा या निकालाचा आशय आहे.

परंतु तोच जमाव पांगून पळू लागला असता आणि मग पाठीत गोळी झाडली गेली असती, तर? भीती संपली की हक्क संपतो. त्यानंतरचा प्रहार हा सूड ठरतो. तसेच पोलिसांकडे जाण्यास पुरेसा अवधी असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, असे कलम ३७ सांगते. पूर्वनियोजन नसताना सद्हेतूने मर्यादा ओलांडली गेल्यास तो गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो. त्यालाही कारावास आहेच.

नैतिक प्रश्नही जुनाच आहे. याच रत्नागिरी जिल्ह्याचे सुपुत्र, भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात ‘आततायी’ या संकल्पनेची चर्चा केली आहे. आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारून येणारा यांस मारणे दोषास्पद आहे काय, याबाबत स्मृतिकारांत व टीकाकारांत एकवाक्यता नव्हती. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीही १९२० मध्ये, भ्याडपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय उरल्यास हिंसेचा सल्ला देऊ, असे लिहिले होते.

वन्य पशूंविषयी स्वतंत्र तरतूद आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ अन्वये स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीविताच्या रक्षणार्थ सद्हेतूने बिबट्यासारखा प्राणी मारला गेल्यास तो गुन्हा होत नाही. मात्र मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणे हे मात्र या सवलतीत बसत नाही. त्या तारेस रात्री वाटसरूचाही हात लागू शकतो.

खटल्यात आत्मसंरक्षणाचा मुद्दा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. परंतु ती निःसंशय पुराव्याची नसून संभाव्यतेच्या तोलाची असते, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. म्हणून घटनेनंतर लपून न राहता ११२ क्रमांकावर तत्काळ कळविणे, जखमीस, मग तो हल्लेखोर का असेना, रुग्णालयात पोहोचविणे, आणि जागेवरील वस्तू न हलविणे हे त्या नागरिकाच्याच हिताचे असते.