सेप्सिसमध्ये सेलेनियम: आशा का मावळली?

साधी लघवीची जळजळ, न्यूमोनिया किंवा पायाची चिघळलेली जखम. जंतुसंसर्ग कुठूनही सुरू होतो. त्याच्याशी लढताना शरीराचा प्रतिसाद बेलगाम झाला आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, हृदय यांनाच इजा होऊ लागली, की त्या अवस्थेला ‘सेप्सिस’ म्हणतात. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांपैकी १.१ कोटी दगावले, असा अंदाज आहे. त्यामुळे नेहमीच्या उपचारांना जोड देणारे काही स्वस्त औषध मिळते का, याचा शोध कित्येक वर्षे सुरू आहे. त्या शोधात एक नाव वारंवार पुढे आले, ते म्हणजे सेलेनियम.

सेलेनियम हे खनिज शरीराला अगदी अल्प लागते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरते. ‘ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज’ हे विकर त्याच्यावाचून चालत नाही. दाह उसळतो तेव्हा पेशींमध्ये तयार होणारी घातक ऑक्सिजन-संयुगे निष्प्रभ करण्याचे काम हे विकर करते. सेप्सिसच्या रुग्णांच्या रक्तात सेलेनियम कमी आढळते आणि आजार जितका गंभीर, तितके ते अधिक घटलेले दिसते. मग ते शिरेतून भरून काढले तर?

जर्मनीतील ११ अतिदक्षता विभागांत हा प्रयोग झाला. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २४९ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज १००० मायक्रोग्रॅम सेलेनियम देण्यात आले. रक्तातील पातळी सुधारली. ठरलेले उपचार काटेकोर पार पडलेल्या १८९ रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ५६.७ टक्क्यांवरून ४२.४ टक्क्यांवर आले. आशा वाढली. पण मेख अशी, की उपचारांत त्रुटी राहिलेले रुग्णही हिशेबात धरले, तर हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येत नव्हते.

म्हणून जर्मनीतच ३३ अतिदक्षता विभागांत १०८९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये आलेले उत्तर स्पष्ट होते. सेलेनियम दिलेल्यांपैकी २८.३ टक्के, तर न दिलेल्यांपैकी २५.५ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. हा फरक नगण्य असल्याने औषधाने अपाय झाला असे म्हणता येत नाही, पण फायदा झाला नाही, हे नक्की. त्याच वर्षी सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या आजारासाठी शिरेतून सेलेनियम देऊ नये, अशी ठाम शिफारस केली.

मग रक्तातील पातळी घटते कशामुळे? दाहामुळे रक्तवाहिन्या झिरपू लागतात, सेलेनियम वाहून नेणारी प्रथिने रक्ताबाहेर जातात आणि यकृत ती कमी बनवते. म्हणजे ही घट पुष्कळदा आजाराचे कारण नसून परिणाम असते. ताप चढल्यावर थर्मामीटर गार पाण्यात बुडवला, तर पारा उतरतो, ताप नाही.

शिवाय या खनिजाच्या बाबतीत अधिक म्हणजे चांगले, असे नाही. बराच काळ प्रमाणाबाहेर पोटात गेल्यास केस गळतात, नखे ठिसूळ होतात. २०२५च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अचानक केस गळू लागले, तेव्हा सेलेनियमचीच चर्चा झाली होती.

रुग्ण अत्यवस्थ असताना ‘ताकदीचे काहीतरी द्या’ असे नातेवाइकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण सेप्सिसमध्ये जीव वाचवतात ते वेळेवर दिलेले योग्य प्रतिजैविक, सलाइन, प्राणवायू, रक्तदाबावर लक्ष आणि पू साठला असल्यास तो काढणे. रक्तदाब कोसळला असेल, तर प्रतिजैविक शक्यतो तासाभरात सुरू व्हायला हवे.

म्हणून घरच्यांनी ओळखायची ती लक्षणे: संसर्ग असताना रुग्ण असंबद्ध बोलू लागणे, धाप लागणे, लघवी फारच कमी होणे, हातपाय गार पडणे किंवा त्वचेवर निळसर डाग दिसणे. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतानाही सेप्सिस असू शकतो. यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.