कार्यान ते पेट्रेंको : बर्लिनच्या गादीचे अंदाज

बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रमुख कंडक्टर वादक स्वतः निवडतात. त्यासाठी अर्ज मागवत नाहीत, उमेदवारांची यादी जाहीर होत नाही, आणि ज्याची निवड व्हायची त्याला मतदान संपेपर्यंत कोणी अधिकृतपणे विचारलेलेही नसते. कायम नेमणुकीतले सगळे वादक बंद दाराआड जमतात, नावे सुचवतात, त्यांवर बोलतात, गुप्त मतदान करतात आणि मग निवडलेल्या माणसाला फोन लावतात. बाहेरच्यांच्या हाती काहीच लागत नसल्याने अंदाज बांधायला रान मोकळे राहते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या गादीबद्दल जेवढे तर्क लढवले गेले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही वाद्यवृंदाबद्दल क्वचितच लढवले गेले असतील. ते खरे ठरल्याची उदाहरणे मात्र थोडी आहेत.

या हक्काचे मूळ वाद्यवृंदाच्या जन्मातच आहे. 1882 मध्ये बेन्यामिन बिल्झे यांच्या बर्लिनमधील लोकप्रिय वाद्यवृंदातून 54 वादक बाहेर पडले. मालकाने त्यांना वॉर्साच्या दौऱ्यावर रेल्वेच्या चौथ्या वर्गाने न्यायचे ठरवले, हे निमित्त. फुटून निघालेल्या वादकांनी आपला कारभार आपणच पाहायचे ठरवले. स्वातंत्र्य मिळाले तरी पैसा नव्हता, म्हणून पहिली काही दशके खरा निर्णय जलशांचे व्यवस्थापन करणाऱ्या हेर्मान वोल्फ यांच्या कचेरीत होत असे. 1887 मध्ये वोल्फ यांनी हान्स फोन ब्यूलो यांना आणले. ब्यूलो यांच्यानंतर 1894-95 चा एक हंगाम रिचर्ड श्ट्राउस यांनी सांभाळला आणि 1895 मध्ये आर्थर निकिश आले, ते 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. या काळात फारसे अंदाज बांधले गेले नाहीत, कारण कोणाला विचारायचे ते सर्वांना माहीत होते.

निकिश जानेवारी 1922 मध्ये गेले तेव्हा मात्र कुजबुज सुरू झाली. ब्रूनो वाल्टर अनुभवाने आणि नावाने मोठे होते. विल्हेल्म फुर्टवेंगलर अवघ्या 36 वर्षांचे होते, पण त्यांची इच्छा प्रबळ होती आणि ती त्यांनी लपवली नाही. हेर्मान वोल्फ यांच्या पश्चात कचेरी चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी लुईझे यांनी कौल फुर्टवेंगलर यांच्या बाजूने दिला. मोठे नाव मागे राहिले आणि तरुण माणूस पुढे गेला. पुढे हे पुन्हा घडणार होते.

फुर्टवेंगलर यांचा काळ सरळ गेला नाही. संगीतकार हिंडेमिथ यांची बाजू घेतल्यावर नाझी राजवटीशी त्यांचे बिनसले आणि डिसेंबर 1934 मध्ये त्यांनी पद सोडले. काही महिन्यांत ते पुन्हा त्याच वाद्यवृंदासमोर उभे राहिले, पण पदाविना. युद्ध संपले तेव्हा ते बर्लिनमध्ये नव्हते आणि नाझी राजवटीतल्या भूमिकेची चौकशी होईपर्यंत त्यांना व्यासपीठ बंद होते. 26 मे 1945 रोजी, शहर ढिगाऱ्यात पडलेले असताना, श्टेग्लिट्झ भागातल्या टिटानिया-पालास्ट या चित्रपटगृहात वाद्यवृंदाचा युद्धोत्तर पहिला जलसा झाला, तो लिओ बोर्खार्ड यांच्या हाताखाली. तीन महिने पुरे होण्याआधीच, 23 ऑगस्टला, एका अमेरिकन पहारेकऱ्याच्या गोळीने बोर्खार्ड मरण पावले. त्यांची जागा तेहतीस वर्षांच्या एका रुमानियन तरुणाकडे आली. त्याचे नाव सेर्जिउ चेलिबिडाखे.

चेलिबिडाखे यांनी पुढच्या काही वर्षांत चारशेहून अधिक जलसे केले. फुर्टवेंगलर 1947 मध्ये परतले आणि 1952 मध्ये पुन्हा रीतसर प्रमुख झाले, तरी त्यांच्यानंतर चेलिबिडाखेच येणार असे अनेकांनी धरूनच ठेवले होते. ज्याने पडक्या शहरात वाद्यवृंद जिवंत ठेवला त्यालाच तो मिळावा, हा हिशेब नैतिकदृष्ट्या चोख होता. पण चेलिबिडाखे तालमी फार मागत, वादकांना तोंडावर सुनावत आणि जुन्या वादकांना बदलायला हवे असे उघड म्हणत. मत देणारे तेच वादक होते, ही साधी गोष्ट हिशेब मांडणाऱ्यांच्या नजरेतून सुटली.

30 नोव्हेंबर 1954 रोजी फुर्टवेंगलर गेले. 1955 च्या सुरुवातीला वाद्यवृंदाचा पहिला अमेरिका दौरा ठरलेला होता आणि तो नेण्यासाठी अमेरिकन आयोजकांना एकच माणूस चालणार होता, हेर्बेर्ट फोन कार्यान. कार्यान यांचे बर्लिनमध्ये नाव होते. 1938 मध्ये एका वृत्तपत्राने त्यांना चमत्कार म्हणून गौरवले होते आणि तेव्हापासून फुर्टवेंगलर त्यांच्यावर खार खाऊन होते. फुर्टवेंगलर असेपर्यंत कार्यान यांना या वाद्यवृंदासमोर उभे राहण्याची संधी अगदीच क्वचित मिळाली. आता त्यांनी दौरा नेण्यासाठी अट घातली ती तहहयात प्रमुखपदाची. डिसेंबरमध्येच वादकांनी त्यांच्या बाजूने मत दिले. चेलिबिडाखे निघून गेले, ते या वाद्यवृंदापुढे पुन्हा उभे राहिले थेट 1992 मध्ये. 1954 चा निकाल संगीताइतकाच दौऱ्याच्या करारावर लागला, आणि वाद्यवृंदाच्या पुढच्या साडेतीन दशकांच्या भरभराटीकडे पाहिले तर वादकांचा व्यवहार चुकला असे म्हणणे कठीण आहे.

कार्यान यांच्या काळात वारसाचा प्रश्न उघडपणे विचारण्याची सोय नव्हती. पद तहहयात, ध्वनिमुद्रिका शेकड्यांनी, आणि 1963 पासून हान्स शारून यांनी उभारलेले नवे फिलहार्मोनी सभागृह. तरी शेवटची वर्षे कटू गेली. क्लॅरिनेटवादक झाबीने मायर यांना घ्यायचेच असा कार्यान यांचा हट्ट होता, तर वादकांनी मतदान करून त्यांना नाकारले. 1982-83 मधला हा तंटा वरवर एका जागेचा होता. खरा मुद्दा होता तो या वाद्यवृंदात शेवटचा शब्द कोणाचा, हा. 24 एप्रिल 1989 रोजी कार्यान यांनी राजीनामा दिला आणि 16 जुलैला ते वारले.

त्या उन्हाळ्यात युरोप-अमेरिकेच्या संगीतवर्तुळात दुसरा विषय नव्हता. लोरिन माझेल यांचे नाव सर्वांत वर होते. त्यांनी पश्चिम बर्लिनमध्ये डॉइचे ऑपेरा आणि रेडिओ वाद्यवृंद दोन्ही चालवले होते, त्यांचे तंत्र बिनतोड मानले जाई आणि ते स्वतः निवडीबद्दल निःशंक असल्याची बोलवा होती. जेम्स लेव्हाइन, सेइजी ओझावा, रिकार्डो मुती, बेर्नार्ड हाइटिंक हीही नावे होती. कार्लोस क्लायबर यांचे नाव दरवेळी निघे आणि दरवेळी त्याच कारणाने मागे पडे : वर्षाकाठी मोजकेच जलसे करणारा माणूस एवढा मोठा व्याप अंगावर घेणार कसा?

क्लाउडिओ अब्बाडो यांचे नाव या यादीत खालच्या बाजूला होते, कारण ते न्यूयॉर्कला जाणार असेच सगळे समजत होते. इथे मुंबईचा एक धागा येतो. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक तेव्हा झुबिन मेहता होते. मुंबईत 1936 मध्ये जन्मलेले मेहता 1978 पासून त्या पदावर होते आणि 1991 मध्ये आपण सोडणार हे त्यांनी आधीच सांगितले होते. त्यांच्या जागी अब्बाडो येणार हे जवळपास ठरल्यात जमा होते. अमेरिकेत अशा निवडी पैसा उभा करणारी संचालक मंडळे करतात आणि तिथले आडाखेही फसतात, याचा अनुभव मेहतांना आधीच होता. 1961 मध्ये लॉस एंजेलिसने त्यांना सहायक नेमले ते नियोजित संचालक गेओर्ग शोल्टी यांना न विचारता. शोल्टी यांनी तडकाफडकी पद सोडले आणि 1962 मध्ये सव्वीस वर्षांच्या मेहतांकडे तो वाद्यवृंदच आला.

8 ऑक्टोबर 1989 रोजी बर्लिनच्या वादकांनी अब्बाडो यांना निवडले. माझेल यांनी या वाद्यवृंदाबरोबरचे आपले ठरलेले कार्यक्रम रद्द केले आणि पुढे बरीच वर्षे ते तिकडे फिरकले नाहीत. न्यूयॉर्कला नव्याने शोध घ्यावा लागला आणि 1990 मध्ये त्यांनी लाइपझिगच्या कुर्ट माझुर यांची निवड केली. बर्लिनच्या एका मतदानाने अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे अंदाज एकदम उलटले.

अब्बाडोच का, याचे उत्तर अंदाज बांधणाऱ्यांच्या मोजमापात बसत नव्हते. ते तोलत होते कीर्ती, ध्वनिमुद्रिकांची संख्या, तंत्र आणि बर्लिनशी जुने नाते. वादकांनी मात्र पस्तीस वर्षे एका सर्वसत्ताधीशाखाली काढली होती. अब्बाडो तालमीत कमी बोलत, सर्वांनी आपल्याला नुसते क्लाउडिओ म्हणावे असे सांगत, आणि वादकांनी एकमेकांचे ऐकावे हा त्यांचा आग्रह असे. कार्यान यांच्यासारखा दुसरा कोण, हे बाहेरचे शोधत होते. आत मात्र कार्यान यांच्यासारखा नसलेला माणूस हवा होता. निवडीनंतर महिनाभराने, 9 नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत पडली आणि पश्चिम बर्लिनचा वाद्यवृंद एका अखंड शहराचा झाला.

फेब्रुवारी 1998 मध्ये अब्बाडो यांनी 2002 नंतर आपण राहणार नाही असे जाहीर केले. या वेळची चर्चा त्या मानाने सुटसुटीत होती. नावे मुख्यतः दोन : बर्लिनमध्येच श्टाट्सऑपेरचा कारभार पाहणारे दानिएल बारेनबोइम आणि बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाला जगाच्या नकाशावर आणणारे सायमन रॅटल. 23 जून 1999 रोजी रॅटल निवडले गेले. अंदाज फसला नाही अशी ही विरळ निवड. रॅटल यांनी मात्र करारावर सही करण्याआधी वाद्यवृंदाला स्वायत्त प्रतिष्ठानाचे रूप द्यावे आणि वादकांचे वेतन सुधारावे असा आग्रह धरला. 1 जानेवारी 2002 पासून प्रतिष्ठान अस्तित्वात आले.

जानेवारी 2013 मध्ये रॅटल यांनी 2018 मध्ये जाणार असल्याचे सांगितले आणि आजवरचा सर्वांत गाजलेला तर्कखेळ सुरू झाला. दोन वर्षांहून अधिक अवधी आणि बातमी क्षणात जगभर नेणारी नवी माध्यमे, यांमुळे प्रत्येक पाहुणा जलसा म्हणजे उमेदवाराची परीक्षा असे मानून समीक्षा लिहिल्या गेल्या. क्रिस्टियान थीलेमान हे बर्लिनमध्ये जन्मलेले, तरुणपणी कार्यान यांचे सहायक, वाग्नर आणि ब्रुकनरचे जाणते. त्यांच्याबद्दल वादकांत दोन तट असल्याचे बोलले जाई, आणि स्थलांतरविरोधी पेगिडा चळवळीतल्या लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे या आशयाच्या त्यांच्या लेखनाने वादात भरच पडली. दुसरे नाव लाटव्हियाचे अंद्रिस नेल्सन्स, वय 36, नुकतेच बॉस्टनला रुजू झालेले. बारेनबोइम यांनी आपण उपलब्ध नाही असे सांगून टाकले. मारिस यान्सन्स यांनी मतदानाच्या तोंडावर म्युनिकच्या बव्हेरियन रेडिओ वाद्यवृंदाशी करार वाढवला. गुस्तावो दुदामेल आणि यानिक नेझे-सेगँ यांची नावे तोंडी लावण्यापुरती होती.

11 मे 2015 रोजी डालेम भागातल्या येझूस-क्रिस्टुस चर्चमध्ये वादक जमले. कार्यान यांच्या काळापासून ध्वनिमुद्रणासाठी वापरात असलेली ही जागा. सव्वाशेच्या आसपास मतदार होते आणि सर्वांचे मोबाइल काढून घेतलेले. दुपारी नेल्सन्स निवडले गेल्याची बातमी बाहेर पसरली आणि लगोलग खोटी ठरली. सुमारे अकरा तासांनी दार उघडले तेव्हा वाद्यवृंदाच्या प्रतिनिधीने सांगितले की निर्णय झालेला नाही, वर्षभराच्या आत पुन्हा मतदान होईल. वाद्यवृंद स्वतःचे हसे करून घेतो आहे अशा टीका झाल्या. खरे तर वादकांनी अर्ध्या संमतीवर गादी द्यायचे नाकारले होते, आणि त्या दिवसातला सर्वांत शहाणा निर्णय तोच होता.

वर्षभर थांबावे लागले नाही. 21 जूनला दुसऱ्यांदा मतदान झाले आणि 22 जूनला नाव जाहीर झाले ते किरिल पेट्रेंको यांचे. सैबेरियातल्या ओम्स्कमध्ये 1972 मध्ये जन्मलेले पेट्रेंको तेव्हा म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेराचे संगीत संचालक होते. बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी केवळ तीन कार्यक्रम केले होते, 2006, 2009 आणि 2012 मध्ये. डिसेंबर 2014 मध्ये मालरच्या सहाव्या सिंफनीचा चौथा कार्यक्रम त्यांनी ऐन वेळी सोडला, तेव्हा ते चर्चेतून बाद झाले असे मानले गेले. ते मुलाखती देत नसत. त्यांच्या नावावर गाजलेल्या ध्वनिमुद्रिका नव्हत्या. चेक संगीतकार योझेफ सुक यांच्या रचनांच्या काही तबकड्या होत्या, त्या जाणकारांपुरत्या.

तरीही या माणसाला पारखण्याची साधने सर्वांसमोर होती. 2002 ते 2007 या काळात पेट्रेंको बर्लिनच्याच कोमिशे ऑपेराचे प्रमुख होते. 2013 पासून बायरॉइटला ते वाग्नरचे ‘रिंग’ चालवत होते आणि म्युनिकमधल्या त्यांच्या प्रयोगांची वाहवा होत होती. पण ऑपेराच्या खड्ड्यात उभ्या राहणाऱ्या माणसाकडे सिंफनीवाल्यांचे लक्ष कमी जाते, आणि अंदाज बांधणारे बहुतेक सिंफनीवाले होते. 2012 च्या कार्यक्रमात पेट्रेंको यांनी पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या रुडी श्टेफान या विस्मृत संगीतकाराची रचना घेतली होती. अशा कार्यक्रमाने नाव होत नाही. तालमीत नेमके काय घडले हे मात्र वाजवणाऱ्यांना ठाऊक होते.

म्युनिकच्या करारामुळे पेट्रेंको यांना रुजू व्हायला ऑगस्ट 2019 उजाडला. पहिल्या जलशात त्यांनी आल्बान बेर्ग यांची ‘लुलू’ स्वीट आणि बेथोव्हेनची नववी सिंफनी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी नववी ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोर उघड्यावर झाली. नेल्सन्स यांनी 2015 मध्येच बॉस्टनचा करार वाढवला आणि लाइपझिगचा गेवांडहाउस वाद्यवृंदही स्वीकारला. थीलेमान यांचे बर्लिनला येणे उरले होते. बारेनबोइम यांनी प्रकृतीमुळे पद सोडल्यावर 2024 मध्ये ते त्यांच्या जागी श्टाट्सऑपेर आणि तिच्या श्टाट्सकापेले या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले.