बोहाडा : गावाने उभे केलेले नाट्य

मुंबईकडून नाशिकच्या रस्त्याने येताना भिवंडी मागे पडते आणि माहुलीचे सुळके दिसू लागतात, तेथे शहापूर तालुका आपली ओळख करून देतो. त्याच्या दक्षिणेस, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर, मुरबाड तालुका पसरला आहे. तानसा आणि भातसा या जलाशयांमुळे शहापूरचे नाव महानगराला ठाऊक आहे. माळशेजच्या धबधब्यांमुळे मुरबाडचे. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या दोन तालुक्यांत महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी, कुणबी व आगरी समाजाने जपलेले जे लोकजीवन आहे, त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे आदिवासीबहुल तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. उरलेल्या ठाणे जिल्ह्यात, जेथे महानगरपालिकांचीच गर्दी आहे, डोंगरी लोककलांचा सांभाळ करण्याचे काम आता मुख्यतः शहापूर आणि मुरबाड यांच्याकडे आले आहे.

या कलांमध्ये भाद्रपदातील गौरीचे नाच आहेत, भात कापणीच्या सुमारास घुमणारा वारल्यांचा तारपा आहे, लग्नाचा विधी आपल्या गाण्यांतून पार पाडणाऱ्या धवलेरी आहेत. तथापि, ज्याला पूर्ण अर्थाने गावाचे नाट्य म्हणता येईल, असा प्रकार एकच, आणि तो म्हणजे बोहाडा. ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात तो आढळतो. याच डोंगररांगेच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या डांग भागात, त्याचाच भाऊबंद ‘भवाडा’ या नावाने नांदतो.

बोहाड्याचा हंगाम शिमग्यापासून सुरू होतो आणि पावसाळ्यापूर्वी संपतो. शेतीची कामे थंडावलेली असतात, रात्री उबदार असतात आणि अंगणे कोरडी असतात. उत्सव ग्रामदेवतेचा असल्याने त्याचा प्रारंभ देवीच्या पूजेने होतो. त्यानंतर काही रात्री, कोठे तीन, कोठे पाच, कोठे त्याहून अधिक, गावातून सोंगे निघतात. पहिला मान गणपतीचा. मागोमाग मोरावर बसलेली सरस्वती येते. मग रामायण, महाभारत आणि पुराणांतील पात्रे एकामागून एक येऊ लागतात : त्राटिका, रावण, भीम, नरसिंह, आणि त्यांच्याच जोडीला वेताळ, खंडेराव, म्हसोबा यांसारखी लोकदैवते. शेवटच्या रात्री देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते. पहाटेच्या सुमारास महिषासुर पडतो आणि उत्सवाची सांगता होते.

येथे रंगमंच नसतो, पडदा नसतो. गावाचा मुख्य रस्ता हीच रंगभूमी. सोंग एका टोकाला सजते आणि नाचत नाचत देवीच्या मंदिराकडे येते. पुढे टेंभे, मागे संबळ आणि पिपाणी, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर आणि अंगणांत घोंगड्या पांघरून बसलेला गाव. संवाद जवळजवळ नसतात. प्रत्येक सोंगाची चाल ठरलेली असते आणि ती चाल संबळाच्या ठेक्यात असते. गणपती जसा येतो तशी त्राटिका येत नाही. डोळे मिटून बसलेला म्हातारा केवळ ठेका ऐकून कोणते सोंग येत आहे हे सांगू शकतो. त्यामुळे या नाट्याची संहिता शोधावयाची झाल्यास ती कागदावर नव्हे, संबळ वाजविणाऱ्याच्या हातात शोधावी लागेल.

मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. लाकडाचा मुखवटा जड असतो. तो डोक्यावर व चेहऱ्यावर घट्ट बांधून तासभर नाचणे हे सामान्य काम नव्हे. रावणाच्या दहा तोंडांसाठी तर सांगाडा बांधावा लागतो. पाहण्यासाठी असलेल्या छिद्रांतून नाचणाऱ्याला समोरचा टेंभा दिसला तरी पुष्कळ, म्हणून त्याला सावरणारे सोबती बरोबर चालतात. स्त्रियांची सोंगेही पुरुषच घेतात.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे भरणारी म्हसोबाची यात्रा दूरदूर प्रसिद्ध आहे. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने आणि तमाशाचे फड यांसाठी लोक तेथे जातात. पण तेथे कलावंत बाहेरून येतो आणि यात्रेकरू तिकीट काढून पाहतो. बोहाड्यात तसे नाही. सोंगाचा मान घराण्याकडे असतो. अमुक घराने नरसिंह आणावयाचा, तमुक घराने भीम, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. काही गावांत सोंगांचा लिलाव होतो, आणि जो अधिक बोली लावील त्याला त्या वर्षी सोंग नाचविण्याचा अधिकार मिळून ती रक्कम उत्सवाच्या खर्चाला जाते. टेंभे धरणे, वाद्य वाजविणे, देवीची पूजा करणे, अशा प्रत्येक कामाला माणूस नेमलेला असतो. एक घर मागे राहिले की एक सोंग कमी होते, आणि ते कमी झाल्याचे सर्व गावाला दिसते.

या व्यवस्थेतील दोषही येथे नमूद केले पाहिजेत. मानाची वाटणी पुष्कळदा जातीच्या उतरंडीप्रमाणे झालेली आहे, आणि ज्यांच्या वाद्यावाचून एकही सोंग हलत नाही त्या वाजंत्र्यांना मानाच्या यादीत शेवटची जागा मिळाल्याची उदाहरणे नवी नाहीत. परंपरा टिकविणे म्हणजे हेही जसेच्या तसे टिकविणे, असा अर्थ कोणी घेऊ नये.

वारली चित्रकलेशी तुलना केली म्हणजे बोहाड्याची अडचण नेमकी कोठे आहे हे समजते. वारली चित्र १९७० च्या दशकात भिंतीवरून कागदावर आले. भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ते शहरांपर्यंत पोहोचले आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र गुंडाळून नेता येते, विकता येते. बोहाड्याचे तसे नाही. एखाद्या शासकीय महोत्सवात दहा मिनिटांसाठी चार सोंगे व्यासपीठावर आणली तर प्रेक्षकांना रंगीत मुखवटे दिसतात, टाळ्याही पडतात. पण रात्र नसते, रस्ता नसतो, देवी नसते आणि ओट्यावरचा गाव नसतो. अशा कार्यक्रमांना विरोध करण्याचे कारण नाही, कलावंतांना त्यातून मानधन मिळते. मात्र त्यालाच जतन समजणे चुकीचे ठरेल.

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात सलूड-डुंग्रा या जोडगावांत ‘रम्माण’ नावाचा असाच उत्सव वैशाखाच्या आरंभी होतो. तेथेही मुखवटे आहेत, रामकथा आहे, ग्रामदेवता भूमियाल आहे आणि प्रत्येक समाजाला ठरलेले काम आहे. युनेस्कोने २००९ मध्ये त्याचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही मान्यता कोणा एका नटाला वा मंडळाला नव्हे, तर गावाने गावात साजऱ्या केलेल्या उत्सवाला मिळाली.

शहापूर-मुरबाडमधील आजच्या अडचणी मुखवट्यांपेक्षा माणसांच्या आहेत. दिवाळीनंतर येथील कातकरी व इतर भूमिहीन कुटुंबे भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीचा हंगाम पावसाच्या तोंडाशी संपतो. म्हणजे बोहाड्याचा आणि विटांचा हंगाम एकच. होळीला ही कुटुंबे चार दिवस गावी येतात, आणि उचल घेतलेली असल्याने लगेच परततात. ज्या घरात सोंगाचा मान आहे त्या घरातील तरुण एप्रिलच्या रात्री भट्टीवर विटा थापीत असेल तर ते सोंग कोणी नाचवावयाचे? कोठे भाऊबंद ते घेतात, कोठे ते त्या वर्षी वगळले जाते. एकदा वगळलेले सोंग पुढील वर्षी परत येतेच असे नाही, कारण मधल्या काळात त्याची चाल शिकवणारा थकलेला असतो.

दुसरी अडचण दिसावयास किरकोळ आहे. पूर्वी मुखवटे घराच्या माळ्यावर ठेवीत. चुलीचा धूर तेथवर पोहोचे आणि लाकडाला कीड लागत नसे. पक्क्या घरकुलात माळा नाही आणि गॅसच्या शेगडीला धूर नाही. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत यात शंका नाही. परंतु मुखवटा आता कपाटामागे, दमट भिंतीला टेकून उभा असतो. समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या इमारतीत एक कोरडी, हवेशीर मांडणी करून दिली आणि तिची किल्ली उत्सव समितीकडे ठेवली तर हा प्रश्न सुटू शकतो. मात्र घराण्याचा मुखवटा सार्वजनिक जागी ठेवण्यास मानकरी राजी आहेत की नाहीत, हे आधी विचारले पाहिजे.

या बाबतीत ग्रामसभेला कायद्याचाही आधार आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार शहापूर तालुका व मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६, ज्याला सर्वत्र ‘पेसा’ म्हणून ओळखतात, त्याच्या कलम ४ ने लोकांच्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे मान्य केले आहे. ही तरतूद वनोपज व गौण खनिजांच्या चर्चेत सहसा मागे पडते. गावात कोणती सोंगे होती, आज कोणती निघतात, कोणत्या घराकडे कोणता मान आहे, संबळाच्या किती चाली कोणाला येतात, याची नोंदवही ग्रामसभेने ठेवावयाचे ठरविले तर त्यास वेगळ्या मंजुरीची गरज नाही. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे आणि शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे तिची प्रत देता येईल.

शिक्षकांची भूमिका थोडी नाजूक आहे. बोहाड्याच्या रात्री आणि वार्षिक परीक्षा एकाच सुमारास येतात, आणि रात्रभर जागलेली मुले दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या घेतात, ही तक्रार रास्त आहे. पण नोंदवही तयार करण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. आजोबांना विचारून चाल लिहून घेणे, भ्रमणध्वनीवर संबळाचा ठेका ध्वनिमुद्रित करणे, जुना मुखवटा समोर ठेवून कागदाच्या लगद्याचा नवा करणे, हे आश्रमशाळेच्या कार्यानुभवाच्या तासात सहज बसते. मुलींनाही संबळाचा ठेका शिकविला तर कोणत्या देवीचा कोप होईल, असे वाटत नाही.

राहिला तारखांचा प्रश्न. बोहाड्याच्या रात्री कोणत्या, हे गावकरी शिमग्याच्या सुमारास बैठक घेऊन ठरवितात. त्या बैठकीस सरपंच व ग्रामसेवक उपस्थित राहिले तर भट्टीवर गेलेल्या कुटुंबांना निरोप धाडणे, मालकाकडून दोन रात्रींची सुटी मिळविणे या गोष्टी वेळेत होतात. पाण्याचाही विचार तेथेच व्हावयास हवा. मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये अनेक पाड्यांना टँकर लागतो, आणि बोहाड्याला लेकी-जावई, पाहुणे-रावळे येऊन गावातील माणसे वाढतात. बैठकीत तारखा ठरल्या की त्याच दिवशी त्या तहसील कार्यालयास कळवाव्यात आणि त्या रात्रींसाठी टँकरच्या जादा फेऱ्या मागून घ्याव्यात.