रात्रपाळीचा ससा

लेकरांनो, रात्री तीनला पिंजऱ्याच्या तारा खडखडल्या, दाणकन पाय आपटल्याचा आवाज आला, की तुमची आई म्हणते, “ससा बिघडला.” तो बिघडलेला नाही. आपल्या जालन्यातल्या स्टीलच्या कारखान्यात माणसं रात्रपाळीला जातात ना, तसा तोही कामावर आलेला असतो. ही पाळी त्याच्या पूर्वजांनी लावून दिलीय.

दिवेलागणीला अंबडच्या रस्त्यावर, मोसंबीच्या बागेपाशी जो ससा टणाटण उड्या मारत आडवा जातो, तो याचा सख्खा भाऊ नव्हे बरं का. त्याच्या मानेवर मागं काळा पट्टा असतो. तो बीळ खणत नाही, गवतातच दबून बसतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. त्याच्या पेशीत ४८ गुणसूत्रं, तुमच्या सशाच्या ४४. दोघांची जातच वेगळी. शेतातला ससा पकडून घरी आणायचा नाही, १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला आहे.

तुमचा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तिथले ससे जमिनीखाली बोगदे खणून वस्ती करून राहतात. दिवसा वर गरुड, म्हणून उजेडात बिळात पडून राहायचं. ऊन उतरलं की चरायला निघायचं आणि तांबडं फुटल्यावर परतायचं. माणसानं पिंजरा दिला, हिरवा पाला दिला, पण हे वेळापत्रक काही सुटलं नाही.

या वेळापत्रकातली खरी नवलाची गोष्ट पुढं आहे. सशीण पिल्लांना दूध पाजायला चोवीस तासांत साधारण एकदाच बिळात येते, तेही तीन-चार मिनिटं. सारखी ये-जा केली तर शिकाऱ्याला बिळाचा माग लागेल ना! पिल्लं उघडी, आंधळी, बिळात मिट्ट काळोख. तरी आई यायच्या थोडं आधी ती जागी होतात, अंगावरचं गवत बाजूला सारून वळवळू लागतात. शास्त्रज्ञांनी दूध पाजायची वेळ बदलून पाहिली, तर पिल्लांची जागं व्हायची वेळही हळूहळू तिच्यामागं सरकली. उजेड नाही, दृष्टी नाही, आणि पोटातलं घड्याळ असं चोख!

आता तुमच्या झोपेचा उपाय इथंच सापडतो. सशाचं घड्याळ जेवणाच्या वेळेला मानतं. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेला त्याला खोलीत मोकळं सोडा, तास-दोन तास मनसोक्त पळू द्या. झोपायच्या आधी वाळलेल्या गवताचा भारा भरून ठेवा, हिरवी पानं तेव्हाच द्या. रात्रीची जाग पूर्ण जाणार नाही, पण तारांऐवजी गवत चावलं जाईल. त्याचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजायला चघळत राहणं भागच आहे. पुठ्ठ्याचा खोका द्या, चिकटपट्टी काढून. पिंजऱ्याखाली गोणपाट घाला, आवाज निम्मा होईल.

एक मात्र पाळा. तारा चावल्या म्हणून रात्री उठून गाजर द्यायचं नाही. त्यानं तो एकच गोष्ट शिकतो, की तारा वाजवल्या की गाजर मिळतं.

पाय आपटणं वेगळं. तो इशारा आहे. जमिनीतून तो धक्का बिळातल्या सगळ्यांना कळतो. तेव्हा त्याला दटावू नका, बॅटरी घेऊन बघा, खिडकीत मांजर असेल, अंगणात मुंगूस. लपायला एक बंद खोका असला की तो लवकर शांत होतो. आणि घाबरल्यावर कान धरून कधीच उचलू नका. त्याची हाडं फार हलकी असतात. धडपडताना त्याच्याच लाथेच्या जोरानं पाठीचा कणा मोडतो.

वयात आलेला ससा फारच दंगा करत असेल, मूत उडवत असेल, तर सशांची सवय असलेल्या पशुवैद्यकाकडून त्याची नसबंदी करून घेता येते. पुष्कळ फरक पडतो.

मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. म्हणून दुपारभर तो पसरून पडतो आणि रात्री दुप्पट उंडारतो. बर्फ जमवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, तिला टेकून झोपेल.

पण ज्या रात्री काहीच खडखडलं नाही, सकाळी गवत जसंच्या तसं आणि लेंड्याही पडलेल्या नाहीत, तर ‘बरं झालं, शहाणा झाला’ म्हणू नका. त्याचं आतडं थांबलं की दिवसभरात जीव जाऊ शकतो. मला तेव्हाच उठवा. शाळा राहू द्या, आधी दवाखान्यात जाऊ.