ग्राफिक्स कार्ड, डेस्कटॉप व लॅपटॉप संगणकांतील

ग्राफिक्स कार्ड, डेस्कटॉप व लॅपटॉप संगणकांतील : संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांसाठी लागणारी आकडेमोड करणाऱ्या स्वतंत्र साधनास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. ग्राफिक्स प्रक्रियक ही अर्धसंवाहक चिप, तिच्यासाठी राखलेली स्मृती, विद्युत् पुरवठ्याचे मंडल आणि उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था हे त्याचे मुख्य भाग होत. मध्यवर्ती प्रक्रियकात मोजके पण बहुगुणी गाभे असतात. ग्राफिक्स प्रक्रियकात साधे गाभे हजारोंच्या संख्येने असून ते एकच क्रिया असंख्य आकड्यांवर एकाच वेळी करतात. त्यामुळे चित्रणाखेरीज वैज्ञानिक गणन व कृत्रिम बुद्धिमत्ता यांसाठीही त्याचा उपयोग होतो. डेस्कटॉप संगणकात हे कार्ड सुटे असून बदलता येते. लॅपटॉपमध्ये मात्र प्रक्रियक बहुधा मुख्य मंडलफलकावरच पक्का बसविलेला असतो.

पुण्यातील उपयोग : समांतर गणनाची परंपरा पुण्यात जुनी आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्यूटर जातीचे अनेक प्रक्रियक एकत्र जोडलेले होते. याच संस्थेच्या परम सिद्धी-एआय या महासंगणकाचे बळ एन्व्हिडिया कंपनीच्या ए१०० ग्राफिक्स प्रक्रियकांत असून नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत त्याचा क्रमांक ६३ वा होता. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांचे गणन करण्यासाठीही, दुर्बिणीच्या आधुनिकीकरणानंतर, ग्राफिक्स प्रक्रियक योजिले आहेत. अभियांत्रिकी, वास्तुकला, ॲनिमेशन इ. विषयांच्या विद्यार्थ्याला हेच साधन लहान प्रमाणावर लागते. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी साहजिकच लॅपटॉपकडे वळतो आणि तेथेच नावांच्या सारखेपणामुळे फसगत होण्याचा संभव असतो.

नाव व चिप : पूर्वी लॅपटॉपसाठीच्या प्रक्रियकाच्या नावापुढे ‘एम’ हे अक्षर असे, उदा., जीटीएक्स ९८० मध्ये २,०४८ गाभे होते, तर जीटीएक्स ९८०एम मध्ये १,५३६. २०१६ मधील मालिकेपासून हे अक्षर गळाले. त्या वेळी जीटीएक्स १०८० च्या दोन्ही रूपांत २,५६० गाभे असल्याने समान नाव बऱ्याच अंशी सार्थ होते. पुढील मालिकांत तसे राहिले नाही. आरटीएक्स ४०९० या डेस्कटॉप कार्डात १६,३८४ गाभे, २४ गिगाबाइट स्मृती व ४५० वॉट शक्तीची मर्यादा आहे. त्याच क्रमांकाच्या लॅपटॉप प्रक्रियकात ९,७२८ गाभे व १६ गिगाबाइट स्मृती असून त्याची मूळ शक्तिमर्यादा ८० ते १५० वॉट आहे. गाभ्यांची ही संख्या डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०८० एवढी आहे. स्मृतीशी होणारी देवाणघेवाण डेस्कटॉप कार्डात सेकंदाला सु. १,००८ गिगाबाइट, तर लॅपटॉपमध्ये सु. ५७६ गिगाबाइट होते. आरटीएक्स ४०७० मध्येही डेस्कटॉपला १२, तर लॅपटॉपला ८ गिगाबाइट स्मृती मिळते. स्मृतीतील फरक वेगातील फरकाहून अधिक जाचक ठरू शकतो. कारण मंद कार्डावर काम उशिरा पुरे होते, परंतु स्मृतीत न मावणारे काम पुष्कळदा सुरूच होत नाही.

शक्ती व वेग : चिप तीच असली, तरी कार्यक्षमता तीच असेलच असे नाही. आरटीएक्स ४०६० च्या दोन्ही रूपांत ३,०७२ गाभे व ८ गिगाबाइट स्मृती आहे. तथापि डेस्कटॉप कार्डाची मर्यादा ११५ वॉट असून लॅपटॉपमध्ये ती निर्मात्याच्या निवडीप्रमाणे ३५ ते ११५ वॉट असते. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती ही विद्युत् दाबाचा वर्ग व कंप्रता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. कंप्रता वाढविण्यास दाबही वाढवावा लागत असल्याने शक्ती स्थूलमानाने कंप्रतेच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून शक्ती निम्मी केली, तरी वेग निम्मा न होता सु. ७९ टक्के उरतो. ११५ ऐवजी ३५ वॉट दिल्यास या हिशेबाने वेग सु. ६७ टक्के राहावा. निर्मात्याने दिलेल्या लॅपटॉप रूपाच्या कमाल कंप्रता १,४७० ते २,३७० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सु. ६२ टक्के, याच्याशी हे बरेच जुळते. लॅपटॉप प्रक्रियक दर वॉटमागे अधिक काम करतो व डेस्कटॉप कार्ड एकंदरीत अधिक काम करते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असण्याचे कारण हेच होय.

उष्णता : खर्च झालेली जवळजवळ सर्व शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. डेस्कटॉप कार्डावर जाड धातूचे पंखे असलेले उष्णताविसर्जक व मोठे वातपंखे बसविता येतात. लॅपटॉपच्या दोनतीन सेंमी. जाडीत मध्यवर्ती व ग्राफिक्स प्रक्रियक यांना बहुधा एकाच उष्णतानलिकांवर भागवावे लागते. उष्णतेचा निचरा चिप व खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असतो. चिपची मर्यादा ८७° से. धरल्यास २५° से.च्या खोलीत हा फरक ६२° असतो. पुण्यातील एप्रिल-मेच्या दुपारी खोली ३८° से. झाल्यास तो ४९° वर येतो, म्हणजे निचऱ्याची क्षमता सु. एक-पंचमांशाने घटते. तेव्हा प्रक्रियक स्वतःच कंप्रता उतरवितो. घटमालेवर चालताना लॅपटॉपचा वेग याहूनही कमी होतो. ९९ वॉट-तासांची घटमाला ४५० वॉटच्या कार्डाला जेमतेम १३ मिनिटे पुरेल, यावरून या मर्यादेची कल्पना येते.

तुलनेची रीत : केवळ नाव किंवा गाभ्यांची संख्या पाहून तुलना करू नये. दोन्ही संगणकांवर तेच काम, पडद्याचे तेच विभेदन व खोलीचे तेच तापमान ठेवून, यंत्र अर्धा तास पूर्ण भाराने चालल्यानंतर मापन करावे. पहिल्या काही मिनिटांतील वेग टिकतोच असे नाही. दर सेकंदास होणाऱ्या चित्रचौकटींच्या सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का चौकटींचा वेगही नोंदवावा. लॅपटॉप घेताना प्रक्रियकाच्या नावाबरोबर त्या विशिष्ट प्रतिमानाला दिलेले वॉट व स्मृतीचे आकारमान विचारणे अगत्याचे आहे, कारण ही दोन्ही नंतर सहसा वाढविता येत नाहीत. जागा बदलण्याची गरज नसल्यास डेस्कटॉपमध्ये त्याच पैशात सामान्यतः अधिक वेग मिळतो आणि काही वर्षांनी केवळ कार्ड बदलून संगणक पुन्हा उपयोगी करता येतो. लॅपटॉपमध्ये वेगाच्या बदल्यात सुवाह्यता मिळते. ती खरोखर हवी असेल, तर हा व्यवहार तोट्याचा नव्हे.