समवर्ती आज्ञावलींमधील संदेश-प्रसारण

नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटणार असल्याची दवंडी काटेवाडीसारख्या गावात दिली गेली, तर एकाने ती ऐकल्यामुळे दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही. पाण्याची गोष्ट वेगळी आहे. एकाने दारे धरून आपल्या उसाला दिलेले पाणी शेजाऱ्याच्या शेतात जात नाही. समवर्ती आज्ञावलींत हाच भेद वारंवार विसरला जातो. 2009 साली जाहीर झालेल्या 'गो' भाषेतील चॅनेल हे पाण्यासारखे आहे. त्यातील प्रत्येक मूल्य प्रतीक्षेतील एकाच ग्राहकास मिळते. चॅनेल बंद केल्यास मात्र सर्व प्रतीक्षक जागे होतात. पण हा उपाय एकदाच वापरता येतो आणि त्यातून 'झाले' याखेरीज काही सांगता येत नाही.

होअर यांच्या 1974 च्या 'मॉनिटर' संकल्पनेत एका संकेताने एकच प्रतीक्षक जागा होत असे. लॅम्पसन व रेडेल यांनी 1980 मध्ये वर्णिलेल्या 'मेसा' भाषेत सर्वांना जागे करणारी स्वतंत्र क्रिया आढळते. तेथे जाग येणे ही केवळ सूचना असते. जाग येणे आणि प्रत्यक्ष काम सुरू होणे यांच्या दरम्यान स्थिती बदललेली असू शकते, म्हणून प्रत्येकाने अट पुन्हा तपासणे अनिवार्य ठरते. शिवाय असा संकेत साठून राहत नाही. दवंडीच्या वेळी रानात असलेल्या माणसास ती कळत नाही, तसेच येथेही घडते. यास्तव स्थितीची नोंद कुलपाच्या संरक्षणाखाली, जणू चावडीवरील फलकावर, आधी करावी लागते आणि प्रतीक्षेपूर्वी ती वाचावी लागते.

खरी अडचण संथ श्रोत्याची आहे. प्रत्येकास स्वतंत्र रांग दिली तरी ती केव्हातरी भरते. प्रेषक थांबला, तर एकामुळे सारे खोळंबतात. रांग अमर्याद ठेवली, तर स्मृती संपते. जुना संदेश टाकून द्यावा काय, याचे उत्तर तंत्रात नसून संदेशाच्या अर्थात आहे. कालव्याच्या पाणीपातळीची ताजी नोंद मिळाली की आधीची गळाली तरी चालते. दरवाजा बंद करण्याचा आदेश गळून चालत नाही. पाठ्यपुस्तकांत या निवडीस क्वचितच जागा मिळते.

श्रोत्यांच्या यादीचे कुलूप हाती धरून संदेश पाठवणेही घातक होय. संदेश मिळताच एखादा श्रोता आपले नाव कमी करू पाहतो, त्यास तेच कुलूप हवे असते आणि दोघेही कायमचे अडकतात. म्हणून यादीची प्रत घेऊन, कुलूप सोडून, मगच प्रसारण करावे. मात्र नाव कमी केलेल्या श्रोत्यासही त्यानंतर एखादा संदेश पोहोचू शकतो, हे गृहीत धरावे लागते.