बागेचा ठराव आणि वर्गणीचा हिशेब

आपल्या शहरांतून असा प्रभाग आता क्वचितच सापडेल की जेथे एखादी नागरिक समिती, रहिवासी संघ किंवा मित्रमंडळ नाही. या मंडळींच्या बैठकीत जे विषय वरचेवर निघतात, त्यांत बाग हा एक ठरलेला विषय असतो. फाटक किती वाजता लावावयाचे, हिरवळीवर मुलांना खेळू द्यावयाचे की नाही, कोपऱ्यात व्यायामाची साधने बसवावयाची की वाचनालय बांधावयाचे, माळ्याचा पगार कोणी द्यावयाचा, असे हे प्रश्न असतात. वरवर पाहता ते किरकोळ वाटतात. परंतु सार्वजनिक जागेवर कोणाचा शब्द चालावा आणि सार्वजनिक पैसा कोणाच्या सांगण्यावरून खर्च व्हावा, हे लोकशाहीचे दोन मूळ प्रश्न त्यांच्या पोटात दडलेले आहेत.

आमची हयात कामगार संघटनेच्या कामात, म्हणजे बहुतांशी सभा भरविण्यात, वर्गणी गोळा करण्यात आणि ठराव लिहिण्यात गेली. शाळेचे शिक्षण थोडके. जे कायदे वाचले ते युनियनच्या कचेरीत, गरज पडली म्हणून वाचले. त्या अनुभवाच्या आधारे या विषयाची मांडणी येथे करीत आहोत.

जागा कोणाची?

प्रथम मालकीचा प्रश्न निकालात काढू. राज्यघटनेची ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने घटनेला बारावे परिशिष्ट जोडले आणि त्यात नगरपालिकांकडे सोपविण्याजोगी अठरा कामे नोंदविली. बागा, उद्याने व क्रीडांगणे यांची तरतूद हे त्यांतील एक. म्हणजे पालिकेची बाग ही पालिकेने सर्व नागरिकांच्या वतीने सांभाळावयाची जागा आहे. शेजारची गृहनिर्माण संस्था तिची मालक नाही, नगरसेवक नाही, आणि ज्याच्या नावाची पाटी बाकावर लावली तो देणगीदारही नाही.

मग रहिवाशांचा हक्क कोणता? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिले आहे. बेंगळूरच्या राजमहाल विलास विस्तारात एक जागा आराखड्यात सार्वजनिक बागेसाठी राखलेली होती. सरकारी हुकुमाने ती एका वैद्यकीय न्यासाला खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली. तेथील रहिवासी कोर्टात गेले. जागा तुमची नाही, तेव्हा तुम्हांला दाद मागण्याचा अधिकार काय, असा आक्षेप त्यांच्यावर घेण्यात आला. न्यायालयाने तो फेटाळला. मोकळी जागा राहिली नाही तर ज्यांच्या आरोग्याला आणि जीवनाला बाधा येते त्यांना दाद मागता येते, आणि बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देता येत नाही, असा निर्णय झाला. मालकी नसतानाही राखणीचा हक्क रहिवाशांना आहे, हे या निकालाने पक्के केले. समितीचे खरे बळ येथे आहे.

या बळाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. मुंबईचे शिवाजी पार्क हे एकाच वेळी क्रिकेटच्या सरावाचे मैदान, फिरायला येणाऱ्यांचा कट्टा आणि मोठ्या राजकीय सभांची जागा आहे. आजूबाजूच्या रहिवाशांनी आवाजाच्या त्रासाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्रात मोडते असा आदेश दिला. रहिवाशांचा त्रास खरा होता, यात शंका नाही. पण मैदानावर येणारा माणूस दादरचाच असतो असे नाही. तो परळहून येतो, अंबरनाथहूनही येतो. जवळ राहणारा रोजचा त्रास सोसतो आणि लांबून येणाऱ्याला दुसरी जागा नसते. दोघांचेही म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज अशा जागेचा निर्णय न्याय्य होत नाही.

सभासद कोण?

येथे समितीच्या घटनेचा प्रश्न येतो. गृहनिर्माण संस्था १९६०च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असते. तिचे सभासद म्हणजे सदनिकांचे मालक. नागरिक समिती बहुधा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेली असते. तिला प्रारंभी सात माणसे पुरतात. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यातही आरंभी सातच कामगार पुरत असत. सात सह्यांवर संस्था उभी राहते. पण सात सह्यांनी तिला साऱ्या वस्तीच्या नावाने बोलण्याचा अधिकार मिळत नाही. कारखान्यात सात माणसांची युनियन काढून हजार कामगारांच्या वतीने करार करू पाहणारे पुढारी आम्ही पाहिले आहेत. त्या कराराची किंमत कामगार पहिल्याच पाळीला ठरवितात.

बागेत प्रत्यक्ष कोण येते ते एकदा संध्याकाळी उभे राहून मोजावे. पलीकडच्या चाळीतील मुले येतात, कारण त्यांच्या घरात अभ्यासालाही जागा नसते. भाडेकरू येतात. घरकाम करणाऱ्या बायका दोन कामांच्या मधल्या तासात बाकावर टेकतात. रिक्षावाला नळावर पाणी पितो. यांतील एकही माणूस बहुधा समितीचा सभासद नसतो. मग सभेत ठराव होतो की दुपारी अकरा ते चार बाग बंद ठेवावी. ठराव एकमताने होतो, कारण ज्यांचे मत निराळे होते त्यांना सभेची खबरच नव्हती.

खेड्यात ही अडचण निदान कायद्याने सोडविली आहे. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. त्याला वर्गणी भरावी लागत नाही की घर स्वतःचे असावे लागत नाही. शहरासाठी ७४व्या दुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या नगरपालिकांत प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्या लोकप्रतिनिधींच्या समित्या झाल्या. मतदारांची सभा त्यांत नाही. २००९ साली महाराष्ट्राने महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली, परंतु ग्रामसभेसारखी ती नागरिकांच्या अंगवळणी पडली नाही. पुढे २०२२ साली मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. अशा काळात नागरिक समिती हेच वस्तीचे तोंड होते. म्हणूनच ती कोणाच्या तोंडाने बोलते, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

पैसा कोठून येतो?

बागेच्या खर्चाचे दोन भाग असतात: एकदाच करावयाचा आणि दरमहा करावयाचा. कुंपण, कारंजे, झोपाळे, दिवे हा पहिला भाग. तो नगरसेवक किंवा आमदार यांच्या निधीतून, कधी एखाद्या कंपनीच्या देणगीतून निघतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. पाणी, वीज, माळी, पहारेकरी आणि झाडलोट हा दुसरा भाग. त्याचे उद्घाटन होत नाही. पुष्कळ बागांतील कारंजी कोरडी दिसतात याचे कारण येथे सापडते. तेव्हा कोणतेही नवे काम मागताना त्याचा पाच वर्षांचा दरमहाचा खर्च आधी मांडावा, आणि तो कोण देणार हे ठरावातच लिहावे.

हा खर्च भागविण्यासाठी समिती वर्गणी काढते. समजा, शंभर घरांनी दरमहा पन्नास रुपये दिले, तर पाच हजार जमतात. एवढ्यात एका माणसाचा रास्त पगारही निघत नाही. मग कमी पैशांत, अर्धा दिवस म्हणून, एखादा वृद्ध गृहस्थ माळी म्हणून ठेवतात आणि त्याच्याकडून दिवसभराचे काम करून घेतात. समितीने माणूस कामावर ठेवला की ती मालक होते, आणि किमान वेतन व साप्ताहिक सुट्टी हे मालकाचे कर्तव्य तिलाही चुकत नाही. एवढी ऐपत नसेल तर पालिकेकडे माळ्याची मागणी लावून धरावी. माळ्याच्या पोटाला चिमटा काढून फुललेली बाग आम्हांला मानवत नाही.

वर्गणीचा दुसरा धोका असा की पैसे देणाऱ्याच्या मनात हळूहळू मालकीची भावना उत्पन्न होते. 'आम्ही खर्च करतो, मग बाहेरची पोरे आत का?' हा प्रश्न पहिल्या वर्षी दबक्या आवाजात विचारला जातो आणि तिसऱ्या वर्षी त्याची पाटी होते. मुंबईत मैदाने व उद्याने खाजगी संस्थांना सांभाळावयास देण्याच्या धोरणावरून हाच वाद मोठ्या प्रमाणावर झाला. काही जागांवर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणसाला फाटकावरूनच परत फिरावे लागले. २०१६च्या जानेवारीत महापालिकेने मंजूर केलेल्या नव्या धोरणाला नागरिकांनी इतका विरोध केला की मुख्यमंत्र्यांना ते स्थगित करावे लागले आणि दिलेल्या जागा परत घेण्याचे आदेश निघाले.

यावर उपाय निधी वेगळा ठेवण्याचा. १९२६च्या कायद्याने युनियनचा साधारण निधी कोणकोणत्या कामांवर खर्चता येईल याची यादीच घालून दिली होती. राजकीय कामासाठी पैसा हवा असेल तर निराळा निधी उभारावा लागे, आणि त्यात वर्गणी देण्याची सक्ती सभासदावर करता येत नसे. तो कायदा आता नव्या संहितेत गेला, पण त्यातील शहाणपण कायम आहे. बागेचा पैसा बागेच्या खात्यात, गणेशोत्सवाचा उत्सवाच्या खात्यात, आणि एकातून दुसऱ्यात एक रुपयाही सभेच्या ठरावावाचून जाऊ नये.

पोर्तो आलेग्रे आणि पुणे

सार्वजनिक पैसा रहिवाशांच्या सभांनी वाटावा याचा जगातील गाजलेला प्रयोग ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरात झाला. तेथील रहिवासी संघांच्या संयुक्त संघटनेने १९८६ सालीच ही मागणी केली होती. १९८९ साली कामगारांचा पक्ष पालिकेत सत्तेवर आला. नवे महापौर ओलिवियो दुत्रा हे बँक कर्मचाऱ्यांच्या युनियनचे पुढारी होते. शहराचे सोळा विभाग पाडून दरवर्षी प्रत्येक विभागात उघड्या सभा घेण्यात येऊ लागल्या. तेथे कोणाही रहिवाशाला बोलता येई, मत देता येई. सभेला माणसे जितकी अधिक, तितके प्रतिनिधी अधिक. पैशाची वाटणी मात्र आरडाओरड्यावर नव्हती. ज्या विभागात सोय कमी त्याला अधिक गुण, लोकवस्ती मोठी त्याला अधिक गुण, आणि विभागाने स्वतः जे काम पहिले मागितले त्यालाही गुण, असा हिशेब होता. त्यामुळे गरीब वस्त्यांत फरसबंदी आणि गटारे आधी आली.

या प्रयोगाची पहिली दोन वर्षे फार शिकविणारी आहेत. पगार भागविल्यावर तिजोरीत जवळजवळ काही उरत नव्हते. लोकांनी मागितलेली कामे झाली नाहीत आणि सभांची हजेरी घसरली. कर सुधारून पैसा उभा राहिला, कामे डोळ्यांना दिसू लागली, तेव्हा हजेरी पुन्हा वाढली. २००४ साली तो पक्ष तेथे निवडणूक हरला आणि पुढे प्रयोगाचा जोम ओसरला. सभेच्या हाती काही देण्यासारखे नसेल, तर नुसत्या सभेला लोक फार काळ येत नाहीत.

आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ साली नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले. नागरिकाने अर्ज भरून आपल्या प्रभागातील पदपथ, दिवे, बाके अशी लहान कामे सुचवावयाची, आणि कचेरीने ती तपासून अंदाजपत्रकात घ्यावयाची, अशी ही पद्धत. चांगल्या उपक्रमांत तिची गणना केली पाहिजे. पण अर्ज हा एकट्याने घरी बसून भरावयाचा कागद आहे. त्यात शेजाऱ्याची गरज आपल्यापेक्षा मोठी आहे काय, हे ऐकण्याची संधी नसते. ही उणीव नागरिक समितीने भरून काढावी: आधी वस्तीची सभा घ्यावी, तेथे कामांचा क्रम लावावा आणि मगच सर्वांनी त्या क्रमाने अर्ज भरावेत. शंभर जणांनी शंभर कामे मागण्यापेक्षा शंभर जणांनी तीन कामे मागितली तर ती टाळणे कचेरीला अवघड जाते.

सभा कशी भरवावी?

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. सभेची सूचना आठ दिवस आधी बागेच्या फाटकावरच लावावी. केवळ सभासदांच्या मोबाइलवर पाठवू नये. वेळ अशी निवडावी की पाळीवरून येणारा कामगार आणि स्वयंपाक उरकून येणारी गृहिणी दोघेही येऊ शकतील. त्यासाठी रविवारी सकाळ बरी. बागेच्या प्रश्नावर मत सभासदालाच नव्हे, तर बाग वापरणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला द्यावे, आणि मुलांचे म्हणणे प्रथम ऐकावे. हिशेबाच्या बाबतीत मात्र मत वर्गणीदारांचे असावे. हे दोन अधिकार एकमेकांत मिसळू नयेत.

ठराव सभेतच लिहून वाचून दाखवावा. त्यात काम, रक्कम, पैसा कोठून, जबाबदारी कोणाची आणि मुदत केव्हाची, एवढे असलेच पाहिजे. विरोधात मते पडली असतील तर त्यांची संख्या व कारण नोंदवावे. आज हरलेला माणूस पुढच्या सभेला यावा, असे वाटत असेल तर त्याचे म्हणणे वहीत असणे जरूर आहे. दर सहा महिन्यांनी जमाखर्च फाटकावर लावावा, पावत्या पाहण्यास खुल्या ठेवाव्यात, आणि खजिनदार दोन वर्षांनी बदलावा. प्रामाणिक खजिनदाराचे रक्षणही याच नियमांनी होते.

हे सर्व करूनही बैठकी लांबतील, भांडणे होतील. त्याला इलाज नाही. पण वस्तीतील माणसे एकमेकांना तोंडावर विरोध करून पुन्हा त्याच बाकावर शेजारी बसू शकतात, ही सवय बागेच्या प्रश्नावर लागली तर पुढे पाण्याच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या प्रश्नावर ती उपयोगी पडेल. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी कामे सुचविण्याची मुदत जाहीर होईल, त्यापूर्वी प्रत्येक समितीने निदान एक उघडी सभा घ्यावी आणि तिचे निमंत्रण पलीकडच्या चाळीपर्यंत पोचवावे, एवढीच आमची सर्वांना विनंती आहे.